मानाची चटई

सर्जापूर रोडवरच्या एका उंच सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी सकाळी अकरा वाजता सुमारे दोनशे माणसं चपला बाहेर काढून खाली बसली होती आणि एका बाईच्या कोपराकडे बघत होती. कोपराखाली रुपयाएवढा, जरासा खोलगट, फिकट डाग होता. बाईंनी हात वर केला. शंख वाजला. मागच्या मोठ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली : ‘मुद्रा क्रमांक १९. विसर्जित. कालावधी २५१ दिवस.’ टाळ्या झाल्या, दोघीतिघी रडल्या. माझ्या शेजारचा तरुण डोळे पुसता पुसता सोमवारची मीटिंग पुढे ढकलत होता.

“बघितलंत ना मामा?” श्वेता माझ्या कानाशी म्हणाली. श्वेता माझ्या पुण्याच्या मावसबहिणीची मुलगी. नवरा तनय नागपूरचा. दोघंही इथं सॉफ्टवेअरमध्ये.

मी बघितलं होतं; पण कोपराकडे नाही. मी श्वेताच्या मांडीवर बसलेल्या हर्षिताकडे बघत होतो. वय वर्षं सात. डाव्या डोळ्याखाली दोन बोटांवर एक फोड, कडा उचललेल्या, मध्ये खपली. तीन आठवड्यांपूर्वी तो डोळ्यापासून तीन बोटांवर होता.

आता मुद्रा म्हणजे काय ते सांगतो. सर्जापूरच्याही पुढे हयवदन गुरुजींचा आश्रम आहे. शेणानं सारवलेल्या मातीच्या कुट्या, लागून गोठा. तिथं दर शुक्रवारी संध्याकाळपासून ‘भूमिशयन शिबिर’ भरतं. पंखा नाही, मच्छरदाणी नाही, अंगावर कमीत कमी कपडे, खाली नुसती चटई. घरात हवा शुद्ध करायची तीन यंत्रं असलेली माणसं तिथं जागा मिळावी म्हणून दोन महिने रांगेत असतात. शिबिर करून आल्यावर दोनतीन महिन्यांनी काहींच्या अंगावर एक पुळी उठते. ती फुटते, तिचा व्रण होतो, आणि तो दुखत नाही. सगळं अडलं आहे ते या न दुखण्यापाशी.

“दुखणारी जखम कर्माची,” गुरुजी माइकवर सांगत होते, “न दुखणारी कृपेची! भूमातेनं तुमच्या त्वचेवर शिक्का मारला. डॉक्टरला दाखवाल, तो म्हणेल इन्फेक्शन. का? त्याच्या पुस्तकात ग्रेस नावाचा चॅप्टरच नाही! आपण काय करायचं? गोमयाचं भस्म, सकाळ-संध्याकाळ. औषधाचा थेंब नाही. सहा ते दहा महिन्यांत शिक्का आपोआप मिटतो. किती टक्के लोकांचा मिटतो, तनयजी?”

लॅपटॉपपाशी बसलेल्या तनयनं मान वर केली. “शंभर टक्के, गुरुजी.”

“डेटा आहे,” गुरुजी म्हणाले. “श्रद्धा नाही म्हणत मी. डेटा.”

मग त्यांनी हर्षिताला वर बोलावलं. तिच्या हनुवटीला धरून चेहरा सभेकडे वळवला. “नेत्रमुद्रा. लाखात एक. हिला दहा महिने लागतील. तोवर औषध लागलं, तर मुद्रा आत वळते.” आत वळल्यावर काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. दोनशे माणसांनी ते आपापल्या परीनं भरून घेतलं.

श्वेता मात्र दहा दिवसांपूर्वी, तनयला न सांगता, मुलीला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, मल्लेश्वरमला माझ्याकडे आली होती. मी दोघींना आमच्या गल्लीतल्या डॉक्टर संयोगितांकडे नेलं. संयोगिता त्वचारोगाच्या डॉक्टर. त्यांचं घराणं आमच्यासारखंच, इथं इतकी वर्षं की मराठीत कानडी कुठं सुरू होतं ते आम्हालाच कळत नाही. त्यांनी व्रणाच्या कडेचा स्वल्प नमुना घेऊन काचेवर बघितला आणि मला आत बोलावलं.

“गुंडो अण्णा, हा वाळूमाशीचा रोग. काळा आजार ऐकलाय नव्हे? त्याच जातीचे जंतू, पण हे कातडीवरच थांबतात. हातापायावर असता तर मी एवढी घाई केली नसती. पुष्कळदा आपोआप भरतो, वर्षभरात, डाग ठेवून. पण हा पापणीकडे चाललाय. तिथं भरला तर कातडी आकसून खालची पापणी खाली ओढणार. डोळा पूर्ण मिटणार नाही. उघडा डोळा सुकतो, अण्णा, मग नजर जाते. या महिन्यात औषध सुरू व्हायला हवं. दवाखान्यात ठेवून, सलाईनमधून.”

मी बाहेर येऊन ते सांगितलं तेव्हा श्वेता म्हणाली, “तनय हो म्हणाला तर.”

तनय हो म्हणत नव्हता. त्या रविवारी सोहळा आटोपल्यावर त्यांच्या चौदाव्या मजल्यावरच्या घरी मी विषय काढला. तनय गुणी मुलगा. बायकोवर चिडला नाही, माझ्यावर तर नाहीच. त्यानं शांतपणे गणित मांडलं.

“मामा, डॉक्टरांच्या औषधाचा सक्सेस रेट किती? मी वाचलं. नव्वदच्या आसपास, साइड इफेक्ट वेगळे. भस्माचा शंभर, साइड इफेक्ट शून्य. माझ्या मुलीसाठी मी शंभर सोडून नव्वद काहून घेऊ?”

गणित बिनचूक होतं. मी बत्तीस वर्षं विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी केली आहे, आणि बिनचूक गणित समोर आलं की मला आधी संशय येतो. जळालेल्या गोदामात शिरल्यावर मी काय जळलं ते नंतर बघायचो. आधी काय जळलं नाही ते बघायचो.

“शंभर कुठून आले?” मी विचारलं.

“ॲपमधून. मीच बनवलंय. एकतीस मुद्रा नोंदल्या. एकोणीस विसर्जित, बारा प्रगतीत. फेल एकही नाही.”

“मध्येच डॉक्टरकडे गेलेले?”

“चार होते. ते सिस्टीममधून काढले. त्यांनी प्रोसेस फॉलो नाही केली ना.”

“बरोबर. आणि फोड आलाय, पण भस्म लावलंच नाही, असे?”

“असे कोणी नाहीच, मामा.”

“शोधलेस?”

“रजिस्टर केल्याशिवाय कसे दिसतील? आणि रजिस्टर करायला कंपनीचा ईमेल लागतो.”

मी त्याच्याकडे तो सगळा तक्ता मागितला, नावं काढून. त्यानं अभिमानानं पाठवला.

दुसऱ्या दिवशी संयोगितांनी तो संगणकावर उघडला आणि त्यांची कॉफी गार झाली. गुरुजींनी प्रत्येक साधकाचा ‘श्रद्धांक’ काढायला सांगितला होता, त्याच्यासाठी चार रकाने होते : रात्री, स्थान, मोकळीक, त्याग.

“रात्री म्हणजे?”

“किती रात्री जमिनीवर झोपले ते.”

“मोकळीक?”

“किती अंग उघडं ठेवलं. कातडीनं माती प्यायची असते.”

“त्याग?”

“पंखा, मच्छरदाणी, डासांचं मलम. प्रत्येकी एक गुण.”

“आणि स्थान? ‘मानाची चटई’ हे काय, अण्णा?”

“गोठ्याच्या भिंतीलगतच्या आठ चटया. ज्याचा श्रद्धांक मोठा त्याला मिळतात. गाईचा श्वास भिंतीतून येतो म्हणे.”

संयोगितांनी रकाने फिरवले आणि वाचू लागल्या. “मानाच्या चटईवर झोपलेले चौपन्न. त्यांतल्या चोवीसांना फोड. दारापाशी, वाऱ्यावर झोपलेले एकशेवीस. त्यांतल्या सातांना. जास्त रात्री, जास्त फोड. उघडं अंग, जास्त फोड. अय्यो, अण्णा! या रोगाचा धोका कशानं वाढतो ते शोधायला सरकार माणसं पाठवतं, घरोघर प्रश्न विचारतं. यांनी सगळं करून ठेवलंय, नीट, दर शुक्रवारी. रकान्यांची नावं तेवढी चुकली.”

मग त्यांनी मला ती माशी समजावली. डासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, पिवळट, केसाळ. गुणगुणत नाही, त्यामुळे आली ते कळत नाही. धड उडतही नाही, जमिनीलगत टप्पे घेत जाते, साध्या पंख्याच्या वाऱ्यातही टिकत नाही. मच्छरदाणीच्या नेहमीच्या भोकांतून मात्र सहज आत येते. अंडी घालते ती पाण्यात नव्हे, तर ओल्या मातीत, शेणात, पालापाचोळ्यात. दिवसा भिंतीच्या भेगांत बसते आणि दिवेलागणीला बाहेर पडते. म्हणजे तिला हवी ती भिंत गुरुजींनी बांधली होती, हवं ते शेण दर आठवड्याला लिंपलं जात होतं, आणि हवं ते अंग शुक्रवारी संध्याकाळी चारचाकीनं पोचत होतं.

“पण हे जंतू इथं आणले कुणी?” मी विचारलं.

“ते मी सांगू शकत नाही. या रोगाच्या मुलखातून फिरून आलेलं कुणीही. मजूर असेल, साहेब असेल. माशी एकाला चावते, मग दुसऱ्याला. माणूस धरण्यात अर्थ नाही, अण्णा. भिंत धरा. आरोग्य खात्याला मी कळवते.”

हे सगळं मी तनयला सांगितलं तेव्हा त्यानं तक्त्यात मुलीची ओळ उघडली. हर्षिता तीन वेळा मानाच्या चटईवर झोपली होती. बापाचा श्रद्धांक सोसायटीत दुसरा होता, म्हणून. तरी तो म्हणाला, “माशी असेल, मामा. मानलं. पण भस्मानं बरं होतंच आहे ना? तो तर वेगळा प्रश्न झाला.”

मला तो आवडला. प्रश्न खरंच वेगळा होता.

बुधवारी त्यानं रजा घेतली आणि आम्ही दोघं दुपारीच आश्रमात गेलो. गुरुजी प्रवासात होते. गोठ्यामागं परसू शेण कालवत होता. परसू बीदरकडचा, आश्रमात कुट्या बांधल्या तेव्हापासूनचा. तिथं मागच्या पत्र्यांच्या खोल्यांत बायकापोरं धरून अकरा माणसं राहतात. शुक्रवारच्या आधी भिंती सारवतात ती तीच.

“परसू, असा फोड कुणाला आला होता का रे इथं?” मी हर्षिताचा फोटो दाखवला.

“व्हय की. सात जणास्नी. पैला माझ्या बायकोला, मनगटावर. दोन वर्सं झाली की.”

तनय पुढे झाला. “भस्म लावलं?”

“न्हाई बा. ते साहेब लोकांचं.”

“मग काय लावलं?”

“काय न्हाई. पाडव्याला उठला, दिवाळीला मिटला. असाच ऱ्हायला आन् असाच ग्येला.”

परसूची बायको सारवता सारवता हात पुढे करून उभी राहिली. मनगटावर डाग : रुपयाएवढा, खोलगट, फिकट. “तुमच्यावानीच हाय की, साहेब,” ती म्हणाली. “शंख तेवढा न्हवता.”

तनयनं खाली बसून फोनवर सगळ्यांची नोंद घेतली. सात फोड. पाच मिटलेले, दोन अजून उघडे. सुरुवात आणि शेवट सणांच्या हिशेबानं : संक्रांत, पाडवा, नागपंचमी, दसरा. त्या सणांच्या तारखा काढायला त्याला वीस मिनिटं लागली. सरासरी आली दोनशे चव्वेचाळीस दिवस. भस्मवाल्यांची होती दोनशे अठ्ठेचाळीस.

“चार दिवस जास्तच लागून राहिले,” तनय पुटपुटला.

निघताना माझं लक्ष वाळत घातलेल्या कपड्यांकडे गेलं. तिथं पलंगाएवढी एक जाळी लटकत होती, इतक्या बारीक विणीची की कापडच वाटावं.

“ही कुणाची?”

“गुरुजींची. ते वर झोपत्यात, माडीवर. पैलं खालीच झोपायचे, कुटीत. माझ्या बायकोला सरकारी दवाखान्यात न्हेलं व्हतं, तवा डागदरनं कागद दिला. आमास्नी वाचाया येत न्हाई, म्हून गुरुजींनी वाचला. त्याच हप्त्यात ही जाळी आली आन् तेंनी वर ग्येले. ‘परत दवाखान्यात जाऊ नगा,’ म्हनले, ‘बरं हुतंय.’”

कागद पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाखाली होता. इंग्रजीत, रोगाचं नाव स्पष्ट. खाली सूचना : वाळूमाशीपासून बचाव करा, जमिनीवर झोपू नका, बारीक जाळी वापरा. पुन्हा तपासणीला या. व्रण बहुधा काही महिन्यांत भरतो, पण चेहऱ्यावर असेल तर ताबडतोब उपचार घ्या. वरची तारीख पहिल्या ‘मुद्रे’च्या सात महिने आधीची होती.

तनयनं कागद दोनदा वाचला. ‘चेहऱ्यावर असेल तर’ या ओळीवर त्याचा अंगठा बराच वेळ राहिला. मग गाडीत बसल्यावर त्यानं श्वेताला फोन लावला आणि एवढंच म्हणाला, “उद्या ॲडमिट करू. डॉक्टरांना सांग.”

गुरुवारी हर्षिता दवाखान्यात दाखल झाली, आणि माझं काम खरं तर तिथं संपलं होतं. पण तनयचं संपलं नव्हतं. पुढच्या रविवारी विसाव्या मुद्रेचा सोहळा होता आणि पडदा त्याच्याच हातात होता. डॉक्टरांनी तासभर सोडलेल्या हर्षितालाही त्यानं बरोबर आणलं, हाताला सलाईनची पट्टी तशीच. ती श्वेताजवळ बसली.

शंख वाजला. पडद्यावर ‘मुद्रा क्रमांक २०’ यायच्या जागी एक नवा रकाना आला : ‘भस्म लावले : होय / नाही’. ‘नाही’खाली सात माणसं. खाली दिवसांचे दोन आकडे, शेजारी शेजारी : २४८ आणि २४४.

“गुरुजी,” तनय म्हणाला, “भस्म न लावता पाच जणांचं विसर्जन झालं आहे. चार दिवस लवकर.”

गुरुजी बोलण्यात थांबणारे नव्हेत. पूर्वी ते हॉटेलांची सुट्टीची पॅकेजं विकत. “ते गोसेवक आहेत! गोमातेच्या श्वासातून त्यांना भस्म मिळतं.”

“मग मानाच्या चटईवर श्वास मिळत असताना आम्हाला भस्माची पुडी कशाला?”

“तुमचे श्वास एसीत आखडलेत, तनयजी.”

दोघंतिघं हसली, पण गुरुजींना की तनयला, ते नक्की कळलं नाही. तेवढ्यात हर्षितानं पट्टीचा हात वर केला, शाळेत करतात तसा.

“गुरुजी, तुम्हाला का नाही मुद्रा?”

“बाळा, पोस्टमन सगळी पत्रं स्वतःच्या घरी ठेवतो का?”

टाळ्या पडल्या. उत्तर खरोखर चांगलं होतं. टाळ्या थांबेपर्यंत तनय थांबला आणि मग त्यानं पडद्यावर जाळीचा फोटो टाकला.

“हे ध्यानवस्त्र आहे,” गुरुजी म्हणाले.

मग तनयनं कागद टाकला. रुग्णाचं नाव त्यानं खोडलं होतं, तारीख ठेवली होती. सभेत इंग्रजी न येणारं कुणी नव्हतं. दोनशे माणसं वाचत होती. मागून एका आजींनी विचारलं, “म्हणजे यांना ठाऊक होतं?”

तनय म्हणाला, “रोगाचं नाव ठाऊक होतं. किती दिवसांत भरतो तेही. एका बाईचा आपोआप भरताना त्यांनी बघितला. मग आम्हाला तेवढे दिवस राख लावायला सांगितली. यात दुसरं काही नाही. मीही शंभर टक्के दाखवले, कारण ज्यांनी राख लावली नाही त्यांना मी मोजलंच नव्हतं. माझी चूक आहे. माझी मुलगी त्या चटईवर माझ्यामुळे झोपली.”

गुरुजी म्हणाले, मुद्रा आता सूक्ष्म पातळीवर जाईल. आणि ते स्वतः तिच्याआधी मागच्या दारानं गेले.

सगळे शहाणे झाले असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. दोनशेंतली साठेक माणसं पडद्यावरच्या कागदाचे फोटो काढून घरी गेली. काही जण अजून म्हणतात की तनयचा अहंकार नडला. उरलेल्या अकरा उघड्या फोडांपैकी हर्षिताचा धरून आठ आठवड्याभरात संयोगितांकडे पोचले. तीन अजून राख लावतात. आरोग्य खात्याची माणसं आली, माश्या पकडायचे सापळे लावून गेली, भिंतीच्या भेगा बुजवल्या, शेणाचा ढीग लांब हलवला, शिबिर बंद पाडलं. परसूच्या वस्तीतल्या दोघांनाही औषध सुरू झालं. त्या वस्तीत फोड आधी आले होते, पहिला दोन वर्षांपूर्वी. तेव्हाच कुणी विचारलं असतं, तर एकतीस फोड वाचले असते. पण तिथल्या फोडांना चमत्कार म्हणायचं कुणाला सुचलं नाही, आणि रोग म्हणायची कुणाला गरज वाटली नाही.

त्या सोहळ्यानंतरच्या मंगळवारी दुपारी मी दवाखान्यात गेलो. हर्षिता माझ्यावर रागावलेली होती.

“आजोबा, मुद्रा दुखत नव्हती. सुई दुखते.”

“हो.”

“मग सुई वाईट ना?”

“नाही. दुखणं वेगळं आणि वाईट वेगळं.”

तिला ते पटलं नाही. रुसून कुशीवर वळली आणि तशीच झोपली. श्वेतानं मला खुणेनं जवळ बोलावलं. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. डाव्या डोळ्याच्या दोन्ही पापण्या एकमेकींना टेकल्या होत्या. डोळा पूर्ण मिटला होता.

वाचणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. उद्या तुमच्या दारात कुणी शंभरातले शंभर बरे झालेले घेऊन आला, तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याच्या देवाला बोल लावू नका. फक्त विचारा, ज्यांनी तुमचं काहीच घेतलं नाही त्यांचं काय झालं? तो उत्तर देणार नाही. तुम्ही स्वतः जा आणि मोजा. ती माणसं फार लांब नसतात, बहुधा भिंतीच्या पलीकडेच राहतात.